रेडिस अपग्रेड करण्याआधी लायसन्सची फाइल ताडून बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांना बिलिंग सॉफ्टवेअर देणाऱ्या छोट्या टीमला सर्व्हर अपडेट करायला वेळ मिळतो तोच रात्री. त्या घाईत लायसन्स बदललं तरी कळत नाही. रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारा डेटाबेस. त्याचं लायसन्स ७.२ पर्यंत बीएसडी, म्हणजे फार कमी अटींचं खुलं लायसन्स होतं. मार्च २०२४ मध्ये रेडिस कंपनीने बदल जाहीर केला आणि ७.४ पासून अटी वेगळ्या झाल्या. २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीला एजीपीएलचा, म्हणजे बदललेला कोड खुला ठेवायला लावणाऱ्या लायसन्सचा, पर्यायही आला.

१. डॉकरच्या (सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायचं साधन) फाइलमध्ये आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहू नका. ७.२ असा आकडा टाका.

२. चालू आवृत्तीची लायसन्स फाइल स्वतःच्या गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा. अपग्रेडआधी नवी फाइल आणून दोन्हींचा डिफ, म्हणजे ओळीओळीतला फरक, काढा. कॉपीराइटचं साल सोडून एक ओळ जरी बदललेली दिसली, तरी थांबा आणि ती नीट वाचा. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण खरा फायदा इथेच आहे.

३. नव्या अटी जमत नसतील तर फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा निघालेला प्रकल्प, बघा. व्हॅल्की हा ७.२.४ वरून निघालेला फोर्क आजही बीएसडीच आहे आणि तो लिनक्स फाउंडेशनकडे आहे.

मात्र फोर्कवर जायचं तर ७.४ वर चढण्याआधीच जा. ७.४ ने लिहिलेली आरडीबी फाइल (रेडिसच्या डेटाची डिस्कवरची प्रत) व्हॅल्की सरळ उघडत नाही, मग डेटा हलवायचा वेगळा खटाटोप करावा लागतो.