मराठी पोस्टरवर कॉन्ट्रास्ट कसा साधायचा

व्याख्यानाच्या पोस्टरवर विषय, वक्ता, तारीख-वेळ, स्थळ आणि आयोजक एवढाच मजकूर असतो. तरीही नजर कुठे ठरत नाही, कारण पाचही गोष्टी सारख्याच ठळक केलेल्या असतात. देवनागरीत हे जास्त सांभाळावं लागतं. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत आणि अक्षरं तिरकी केली तर ती नुसती कललेली दिसतात. म्हणजे कॉन्ट्रास्टचा (नजरेत भरेल अशा फरकाचा) सगळा भार आकार, जाडी आणि रंगावर.

सुरुवात काळ्या-पांढऱ्यात करा. ए-३ कागदावर विषय ९६ पॉइंट, वक्ता आणि तारीख ४०, बाकीचं १८ ते २०. वरची पायरी खालच्या पायरीच्या निदान दुप्पट हवी. २८ शेजारी २४ ठेवलं तर वाचणाऱ्याला ती चूक वाटते.

जाडीचंही तसंच. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त' या मोफत फॉन्टमध्ये सात जाड्या आहेत. रेग्युलरशेजारी मीडियम घेतलात तर फरक कळतच नाही, थेट बोल्ड किंवा एक्स्ट्राबोल्ड घ्या. मात्र लहान आकारात एक्स्ट्राबोल्ड वापरू नका: क्ष, ष्ट, द्ध यांच्यातल्या पोकळ्या बुजतात आणि जोडाक्षराचा ठिपका होतो. तिथे सेमीबोल्ड पुरतो. उलट 'रोझा वन'सारख्या फॉन्टमध्ये जाड-बारीक रेषांचा फरक मोठा असतो. शीर्षकात तो देखणा दिसतो, पण पत्त्याच्या ओळीत त्याच्या बारीक रेषा गायब होतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवून शब्द उठवायचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते. शीर्षक दोन ओळींचं असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या, रफार एकमेकांवर आदळतात का, ते प्रत्यक्ष शब्द घालूनच बघा. ओळींचं अंतर आकाराच्या १.३ पटीपासून सुरू करा.

रंग सगळ्यात शेवटी. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून ठरवलेल्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ कॉन्ट्रास्ट (फिकट आणि गडद रंगाच्या उजेडाचं प्रमाण) लागतो. छपाईतही हाच अंदाज धरायला हरकत नाही. पांढऱ्यावर झेंड्यातल्यासारखा केशरी जेमतेम २:१ भरतो, पण त्याच केशरीवर काळा जवळपास १०:१. म्हणून केशरी जमिनीला, म्हणजे अक्षरांमागच्या रंगाला ठेवा, अक्षरांना नको. भडक लाल आणि गडद हिरवा डोळ्याला अगदी वेगळे वाटतात, तरी त्यांच्या उजेडात फरक फारच थोडा (सुमारे १.३:१), त्यामुळे एकावर दुसरा वाचवत नाही. शंका असेल तर फाइल ग्रेस्केल (फक्त करड्या छटांत) करा. तिथे जे विरतं ते लांबूनही विरणार.

छापायला देताना लहान काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, के १०० वर (काळी शाई १०० टक्के, बाकीच्या शून्य) ठेवा. चार शायांचा (निळसर, गुलाबी, पिवळा, काळा मिळून) काळा वापरला आणि छपाईची एखादी प्लेट केसभर सरकली, तर अक्षरांना रंगीत कडा येतात. गडद जमिनीवर पांढरी अक्षरं असतील तर एक जाडी वरची घ्या, कारण शाई पसरून बारीक रेषा खाते.