युकेत डिगरची (म्हणजे साइटवर उत्खनन करणाऱ्या आर्किऑलॉजिस्टची) ऑफर आलीये? सही करायच्या आधी हा हिशोब करा

डेक्कन कॉलेजमधून आर्किऑलॉजी करून युकेत मास्टर्सला गेलेल्यांनो, आधी एक डोक्यात घ्या, तिकडे साइटवरचा पैसा बहुतेक सरकारचा नसतो, बिल्डरचा असतो. इंग्लंडमध्ये १९९० ला पीपीजी-१६ नावाचं प्लॅनिंग धोरण आलं आणि जो जमीन उकरणार त्यानेच खालच्या अवशेषांचा खर्च करायचा हे रुळलं. (आपल्याकडे खर्च करणार एएसआय म्हणजे केंद्राचं पुरातत्त्व खातं, राज्याचं खातं नाहीतर युनिव्हर्सिटी, त्यामुळे हे पचायला वेळ लागतो.) आता बिल्डरला तुमच्या रोमन खापरांशी काय घेणंदेणं, त्याला प्लॉट मोकळा हवाय, मग उत्खनन करणाऱ्या कंपन्या कोटेशन देतात, स्वस्तवाली जिंकते आणि ते स्वस्त शेवटी तुमच्या पगारातूनच निघतं.

म्हणून वर्षाचा आकडा बघून हुरळू नका, तासाचा काढा. समजा २५,००० पौंड, आठवड्याला ३७.५ तास. म्हणजे आठवड्याला साधारण ४८० पौंड, तासाला १२.८२. ठीक वाटतं ना? आता कंपनीच्या यार्डात हजर व्हायला सांगून तिथून व्हॅनने साइटवर नेतात, जाऊन-येऊन रोज एक तास, तो धरला की ४२.५ तास होतात आणि दर येतो ११.३१! एप्रिल २०२५ ला किमान वेतन तासाला १२.२१ झालं होतं (दर एप्रिलला बदलतं, चालू आकडा बघा). घर ते यार्ड धरत नाहीत, पण यार्ड ते साइट हा सहसा कामाचाच वेळ, तेव्हा तो पगारी आहे का हे ईमेलवरच विचारा, फोनवर नको. बाहेरगावी राहायचं-जेवायचं कोण देणार, सीएससीएस कार्डाचे (बांधकामाच्या साइटवर लागणारं कार्ड) पैसे कोणाचे, तेही त्याच ईमेलमध्ये टाका.

युनियन म्हणजे प्रॉस्पेक्ट, त्यात आर्किऑलॉजिस्टांची वेगळी ब्रँच आहे. चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स ही व्यावसायिक संस्था, युनियन नाही, इथे भलेभले गोंधळतात. मेंबर झालात हे कंपनीला सांगावं लागत नाही, पण पहिल्याच महिन्यात व्हा, कारण मेंबर व्हायच्या आधीचं भांडण युनियन सहसा हातात घेत नाही. शिस्तभंगाच्या मीटिंगला मात्र युनियनचा माणूस किंवा सहकारी सोबत न्यायचा हक्क कायद्यानेच आहे, एकटे जाऊन बसू नका.

आणि व्हिसा. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करची सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे, नवख्यांना थोडी सूट धरली तरी सुरुवातीच्या डिगरचा पगार तिथवर सहसा पोचत नाही, त्यामुळे "पुढे स्पॉन्सर करू" असं कोणी म्हटलं तर कितीच्या पगारावर ते आधी विचारा.