जुन्या कॉम्प्युटरची व्हर्च्युअल मेमरी

४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या विंडोज १० च्या मशीनवर 'मेमरी कमी आहे' असा इशारा सारखा येत असेल, तर पेजिंग फाइलचा (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल रॅमसारखी वापरते, तिचा) आकार स्वतः ठरवून द्या. आधी सी ड्राइव्हवर निदान १५ जीबी जागा मोकळी करा.

स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा. परफॉर्मन्सखालच्या 'सेटिंग्ज'मधून पुन्हा 'ॲडव्हान्स्ड' टॅब, मग 'चेंज'. सगळ्यात वरची ऑटोमॅटिकची टिक काढा, सी ड्राइव्ह निवडा, 'कस्टम साइज'च्या दोन्ही चौकटींत ६१४४ लिहा (आकडा एमबीत असतो). दोन्हीकडे एकच आकडा दिला की फाइल कमी-जास्त होत नाही, डिस्कभर तुकडे पडत नाहीत. आता 'सेट' दाबा. बहुतेक जण थेट 'ओके' करतात आणि बदल लागूच होत नाही. मग रीस्टार्ट.

'नो पेजिंग फाइल' निवडू नका. रॅम भरली की प्रोग्रॅम धडाधड बंद पडतात. फाइल डी ड्राइव्हवर हलवायची हौसही नको. तो त्याच डिस्कचा भाग असेल तर डिस्क वाचणाऱ्या हेडची धावपळ उलट वाढते.

वेग हवा असेल तर मात्र एसएसडीच (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा.