बर्फातली वीस मिनिटं: जीटीपी प्रथिनांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

लॅबमधला माझा पहिला पुल-डाउन, म्हणजे फोडलेल्या पेशींतून हवं ते प्रथिन मण्यांवर अडकवून वेगळं काढण्याचा प्रयोग, कोरा आला. रॅक नावाचं प्रथिन पेशीत किती 'चालू' आहे, म्हणजे त्याच्या किती प्रतींवर जीटीपी हा तीन फॉस्फेटचा छोटा रेणू बसलाय, एवढंच मोजायचं होतं. सहा डिश, रात्रभर सीरमविना उपाशी ठेवलेल्या पेशी, दोन मिनिटं ईजीएफ (पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन), मग थंडगार बफर घालून खरवडणं. सगळं प्रोटोकॉलबरहुकूम. फक्त सेंट्रीफ्यूज मोकळा नव्हता, म्हणून सहाही नळ्या बर्फात खोचल्या आणि मी चहा पिऊन आले. वीस मिनिटं गेली असतील. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या पडद्यावर, एकूण रॅकचे पट्टे ठसठशीत, चालू रॅकच्या जागी पांढरं फटक. पट्टा उमटला तो एकाच लेनमध्ये, जीटीपी-गॅमा-एस (जीटीपीचा सहज न तुटणारा जुळा) घातलेल्या कंट्रोलच्या.

"बर्फात ठेवलं म्हणजे वेळ थांबला का गं?" सीनियर ताईनं विचारलं.

मला खरंच तसंच वाटलं होतं. एम.एस्सी.ला शिकलेलं चित्र डोक्यात पक्कं होतं: जीटीपी बसला की प्रथिन चालू, त्यातला तिसरा फॉस्फेट तुटून जीडीपी उरला की बंद. आमच्या विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरसारखं, हिरवं बटण आणि लाल बटण. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले. पण पंप कुणी लाल बटण दाबेपर्यंत चालतच राहतो. ही प्रथिनं आपली आपण बंद होतात, फक्त फार सावकाश. रॅकच्याच कुळातल्या रासला एकटं सोडलं तर शरीराच्या तापमानाला निम्मे रेणू बंद व्हायलाच अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. गॅप प्रकारचं प्रथिन येऊन बिलगलं की तेच काम लाखपट वेगानं होतं. उलट बाजूला जेफ प्रथिनं. ती जीटीपी आणून बसवतात असं मी किती तरी दिवस समजत होते. ती फक्त खोबण सैल करतात, जीडीपी गळून पडतो. पेशीत जीटीपी जीडीपीच्या साधारण दहापट असतो, त्यामुळे रिकाम्या जागेत बहुतेक वेळा तोच शिरतो.

आता माझ्या नळ्यांचं काय झालं ते बघा. पेशी फोडली की आतली सगळी घरं मोडतात. जी गॅप प्रथिनं एरवी दुसऱ्या कोपऱ्यात असतात, ती रॅकबरोबर एकाच रश्श्यात येतात. बर्फात ती मंदावतात, थांबत नाहीत. कंट्रोल वाचला, कारण जीटीपी-गॅमा-एस त्यांना सहजासहजी तोडता येत नाही. तो कंट्रोल घातला नसता तर मी आठवडाभर अँटीबॉडीला शिव्या देत बसले असते. नवीन असाल तर वेळ वाचवायला तो गाळू नका.

नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका, हेही सांगून ठेवते. माणसात रासच्या गोतावळ्यात दीडशेहून जास्त प्रथिनं आहेत, एकट्या रॅब या उपगटाची साठाच्या वर. मी वहीत प्रत्येकाला एक ओळ दिली: याला भरतं कोण, तोडतं कोण, याचं ऐकतं कोण, आणि हे सगळं कुठे घडतं. हा शेवटचा प्रश्न मी सुरुवातीला लिहीतच नव्हते. मग रान नावाच्या प्रथिनावर आले. रानचा जेफ केंद्रकात, क्रोमॅटिनला चिकटून असतो. त्याचा गॅप केंद्रकाबाहेर. एवढ्या एका वाटणीमुळे केंद्रकात जीटीपीवालं रान आणि बाहेर जीडीपीवालं, आणि त्या फरकावरून कुठला माल आत उतरवायचा नि कुठला बाहेर, हे ठरतं. रान तेच, पत्ता वेगळा.

मुलाखतीत हमखास विचारतात ते केरास, रासच्याच गोतावळ्यातलं. बाराव्या जागेवरचं ग्लायसिन हे अमिनो आम्ल बदललं की गॅपला जीटीपी तोडता येत नाही, प्रथिन चालूच राहतं, पेशी वाढत सुटतात. इथवर सगळे सांगतात. पुढचा प्रश्न: मग २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं सोटोरासिब हे औषध त्या प्रथिनाला बंद, म्हणजे जीडीपीवाल्या अवस्थेत कसं पकडतं? कारण ग्लायसिनच्या जागी सिस्टीन आलेलं केरास पूर्ण अडकलेलं नसतंच. अधूनमधून ते स्वतःच्या संथ चालीनं जीटीपी तोडतं, आणि औषध नेमकं तेव्हा त्या सिस्टीनला धरतं. स्टार्टरच्या चित्रात हे उत्तर बसत नाही.

चित्र आणखी एका ठिकाणी मोडतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. एका कार्यशाळेत फळमाश्यांची काचेची कुपी कोमट पाण्यात धरायला दिली होती. तीस अंशांच्या आसपास एकेक माशी टपाटप तळाला पडली, पाय वर. कुपी बाहेर काढली, काही मिनिटांत सगळ्या पुन्हा भिंतीवर. या 'शिबिरे' नावाच्या माश्या. जपानीत त्या नावाचा अर्थच बधिर होणं. त्यांच्यातलं डायनामिन हे प्रथिन उष्णतेनं निकामी होतं. डायनामिनही जीटीपी तोडतं, पण निरोप देण्यासाठी नाही. चेतापेशीच्या आवरणावरचा फुगवटा मानेशी आवळून खुडायला ते ही ताकद वापरतं. खुडणं थांबलं की निरोपाचं रसायन भरायच्या नव्या पिशव्या तयार होत नाहीत, स्नायूला निरोप जात नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन या माश्यांवर काम करत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की डायनामिनच्या या कामाला जीटीपीचा पुरवठा करणारं एक एन्झाइमही लागतं. पुरवठ्याचा विचार माझ्या वहीत तोवर नव्हता. पाचवा रकाना आखला.

रसायनांच्या बाटल्यांबद्दल एक. हा सगळा विषय अर्धा तरी एका अशुद्ध बाटलीतून निघाला. अमेरिकी संशोधक मार्टिन रॉडबेल उंदराच्या यकृतपेशींच्या आवरणांवर ग्लुकॅगॉन या हार्मोनचे प्रयोग करत होते. एटीपी घातलं की आवरणाला चिकटलेलं हार्मोन सुटून यायचं, पण त्यासाठी एटीपी भरपूर लागायचं. बाटलीतल्या एटीपीत जीटीपीची भेसळ होती आणि खरं काम तीच करत होती. शुद्ध जीटीपी त्याहून कितीतरी कमी प्रमाणात पुरला. १९९४ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आल्फ्रेड गिलमन यांच्याबरोबर मिळालं. आपल्या बाटलीत भेसळ निघाली तर नोबेल नाही, गाईडची बोलणीच मिळतात. तेव्हा जीटीपीसारखी न्यूक्लिओटाइड छोट्या भागांत गोठवा, नळीवर तारीख टाका आणि तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

दुसऱ्या खेपेला मी एका वेळी एकच डिश घेतली. सेंट्रीफ्यूज आधी थंड करून ठेवला, शेजारच्या टेबलावरच्या मुलाला सांगून अडवून ठेवला. खरवडलं, एक मिनिट फिरवलं, वरचं पाणी लगेच द्रव नायट्रोजनमध्ये. सहाही डिश झाल्यावर सगळ्या एकदम वितळवून थेट मण्यांवर. ब्लॉटवर शून्य मिनिटाच्या लेनमध्ये नुसती सावली, दोन मिनिटांच्या लेनमध्ये पट्टा. फिकट होता, पण होता. ताईनं तो बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "आता जा चहाला."