स्वॅब घेण्याआधी क्रीमचं विचारा

पाळी गेलेल्या बायकांच्या योनीतल्या जिवाणूंचा अभ्यास करायचा, तर स्वॅब (नमुना घ्यायची बोळा लावलेली काडी) घेण्याआधीची तयारी ठरलेली: नीतिसमितीची मंजुरी, संमतिपत्र, नळ्यांवरची लेबलं, उणे ८० अंशांचा फ्रीझर. हे कुणाला सांगायला नको, पुढे चला.

घोडं पेंड खातं ते प्रश्नावलीत. मागच्या खेपेला आम्ही छापलं होतं, ‘हार्मोनच्या गोळ्या घेता का?’ बाई ‘नाही’ म्हणते आणि खरंच सांगते. ती गोळी घेत नाही, योनीत क्रीम लावते. तिच्या लेखी ते औषधच नव्हे, कोरडेपणावरचं मलम. पण त्यात इस्ट्रोजेन असलं, तर योनीच्या अस्तरात पुन्हा ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साठतं, लॅक्टोबॅसिलस हे योनीतले उपयोगी जिवाणू परततात, पीएच उतरतो, म्हणजे आम्लता वाढते. म्हणजे ‘उपचार नाही’ या गटात उपचार चालू असलेली बाई बसली, आणि नमुना घेतल्यावर ते निस्तरता येत नाही. म्हणून गोळी, पॅच, रिंग, क्रीम, एकेकाचं नाव घेऊन विचारा. ट्यूब सोबत आणायला सांगा. शेवटचं कधी लावलं, तेही लिहा.

शेवटच्या पाळीला १२ महिने उलटलेले हवेत. गर्भाशय काढलेल्यांना ही मोजपट्टी लावू नका. पाळी नसली तरी अंडाशय चालू असू शकतं. अलीकडची अँटिबायोटिक्स, योनी धुण्याची सवय, शेवटचा शरीरसंबंध हेही विचारा. साठीच्या बाईला हे कसं विचारायचं म्हणून रकाना कोरा सोडणारे असतात, त्यांना प्रश्नावली देऊच नका. आणि हो, क्रीम!

पीएचची पट्टी ७ पर्यंत वाचणारी घ्या. आकडा ४.५च्या वर गेला की लगेच संसर्ग म्हणू नका, या वयात तो चढलेलाच असतो. न्यूजेंट स्कोअरचंही (सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू बघून संसर्गासाठी दिलेले गुण) तेच: लॅक्टोबॅसिलस नाहीत म्हणून गुण वाढतात, बाईला तक्रार काहीच नसते.

स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) लागलाच तर लहान, कोमट पाण्यात बुडवलेला. जेली नको, ती नमुन्यात उतरते. अस्तर पातळ झालेलं असतं, दुखतं, रक्तही येतं. त्यापेक्षा नीट समजावून तिलाच स्वॅब घेऊ द्या, नमुना चांगला मिळतो.

प्रयोगशाळेत प्रत्येक खेपेला एक कोरा स्वॅब सोबत चालवा. जिवाणू कमी असले की डीएनए काढायच्या किटमधलेच नमुन्यात दिसू लागतात. जिवाणू ओळखायला त्यांचं १६एस जनुक वाचतात; त्याचा प्रायमर (वाचन सुरू करून देणारा डीएनएचा तुकडा) गार्डनरेला हा जिवाणू पकडतो ना, ते आधी बघा. टक्केवारीवरून एकूण संख्या कळत नाही, त्यासाठी क्यूपीसीआर, म्हणजे डीएनए किती आहे ते मोजणारी चाचणी.

विश्लेषणाचं विश्लेषणवाले बघतील. तक्त्यात क्रीमच्या रकान्यात मात्र ‘हो-नाही’ नको, तारीख हवी.