खोली सजवायचीय? मोबाइल ठेवा, आधी कोल्हापूर बघा

खोलीचं रूप बदलायचं ठरलं की आपण पहिल्यांदा मोबाइल उघडतो. तासाभरात ढीगभर फोटो जमतात आणि सगळ्यांत तेच: पांढरी भिंत, करडा सोफा, कोपऱ्यात मोठ्या पानांची कुंडी. मंगळवार पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हे आणलं, तर कपाट, शिलाई मशीन आणि पाहुण्यांच्या गाद्या जायच्या कुठं?

१. आधी खोलीत बसा

सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर, प्रत्येक वेळी थोडं बसून बघा. ऊन कुठल्या भिंतीवर येतं, कुठला कोपरा कायम अंधारा? कोल्हापुरात पावसाळ्यात महिनोन्महिने आभाळ भरलेलं असतं. उन्हाळ्यात शांत वाटणारा गडद रंग तेव्हा खोली खायला उठतो. हलणार नाहीत अशा वस्तूंची यादी करा. रंगरूप त्यांच्याशी जुळवायचं आहे.

२. मग बाहेर पडा

न्यू पॅलेस आपण शाळेच्या सहलीत बघितलेला असतो, म्हणजे तलवारी आणि वाघ बघितलेले असतात. आता खिडक्या बघायला जा. १८८४ मध्ये पूर्ण झालेली ही काळ्या दगडाची इमारत, आणि दरबार हॉलमध्ये रंगीत काचा. काळ्यामुळं रंग किती उठतो, ते तिथं कळतं. घरी एवढंच करायचं: एक गडद पृष्ठभाग आणि त्याच्याजवळ एकच झळाळता रंग.

जमलं तर शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरलाही जा. कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. उजेड बरोबर मध्यभागी उतरतो आणि कडेचे खांब सावलीत राहतात. आपण मात्र चारही भिंतींवर ट्यूबलाइट लावून खोली सपाट करून टाकतो.

पेठेत कुणाचा जुना वाडा ओळखीचा असेल तर सोपा, म्हणजे पुढची ओसरी, आणि कोनाडे नीट बघून या. भिंतीच्या जाडीतच जागा काढलेला कोनाडा मला कुठल्याही शोकेसपेक्षा सरस वाटतो. आजच्या पातळ भिंतीत तो खोदता येणार नाही, पण दोन कपाटांमधल्या फटीत फळ्या टाकून तेच काम होतं.

३. एक वस्तू पकडा

सगळं आवडलं म्हणून सगळं आणायचं नाही. घरातलीच एक वस्तू निवडा आणि रंग तिच्यातूनच घ्या. माझं मत विचाराल तर आईचं किंवा आजीचं इरकल काढा. साडीत रंगांचं प्रमाण आधीच ठरलेलं असतं: अंगाचा रंग सगळ्यात जास्त, काठ त्याहून कमी, पदर दिसला तर दिसला. हिरवं इरकल असेल तर भिंतीला तोच हिरवा, पण शेड कार्डावर दोन-तीन घरं फिका. काठाचा लाल पडद्याच्या पट्टीला. पदरातलं लाल-पांढरं दोन उशांपुरतं, बस्स. साडी नसेल तर कोल्हापुरी चप्पल घ्या. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याचा तो तांबूस तपकिरी रंग लाकडी फर्निचरशेजारी छान बसतो.

४. पुठ्ठ्यावर रंगवून बघा

रंगाचा छोटा डबा आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या. तो खिडकीशेजारी, मग अंधाऱ्या कोपऱ्यात उभा करा. रात्री पांढऱ्या आणि पिवळ्या, दोन्ही दिव्यांत बघा. कार्डावरचा इंचभर चौकोन नेहमी फसवतो.

५. रंगाऱ्याला बोलवायची घाई नको

दिवाळीआधी रंग द्यायची आपल्याकडं रीतच आहे, पण पाऊस जेमतेम थांबलेला असतो आणि भिंतीत ओल असते. वर्षभरात पोपडे निघतात. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं लावून दिवसभर ठेवा. काढल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर आधी गळती शोधा, भिंत वाळू द्या आणि रंगकाम जानेवारीवर ढकला.