सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी कूलर कसा निवडावा

नवी पेठेत कूलर घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा दाखवू?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. लिटर म्हणजे फक्त टाकी. मध्यम आकाराचा कूलर आपल्या कोरड्या हवेत तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज उडवतो. म्हणजे साठ लिटरची मोठी टाकीसुद्धा रात्री दहाला भरली तर उजाडायच्या आत तळ दिसतो. त्यामुळे मोठ्या टाकीचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. कूलरचं काम ठरतं वाऱ्यावर आणि पॅडवर, म्हणजे बाजूच्या ज्या भिजत्या थरातून हवा आत येते त्यावर. सोलापुरात त्यात तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे तुमच्या घरचं पाणी.

आधी खोली मोजा. लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करा आणि निम्मा करा. तेवढे सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट वारा लागतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली असेल तर सहाशे सीएफएम. डब्यावर आकडा घनमीटर प्रतितास असा लिहिलेला असतो, म्हणून सीएफएमला १.७ ने गुणा. इथे साधारण हजार येतात. डब्यावरचा आकडा घरात पूर्ण मिळत नाही, तेव्हा दीडपट धरून पंधराशेचा घ्या. वर पत्रा असेल तर दुप्पट धरा. जुन्या माळवदी घरात हजारातही भागतं.

प्रकाराबद्दल माझं मत पक्कं आहे. खिडकीबाहेर बसणारा, तीन बाजूंना पॅड असलेला डेझर्ट कूलरच घ्या. खोलीच्या कोपऱ्यात उभा करायचा उंच, सडपातळ टॉवर कूलर दिसायला छान असतो, पण तो खोलीतलीच हवा फिरवून दमट करतो. तासाभरात अंग चिकचिकायला लागतं.

बर्फाच्या कप्प्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी हवेत उडून जाताना ओढतं. गारवा येतो तो बाष्पीभवनातून. पॅड नीट भिजत असेल तर ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी कूलरच्या तोंडाशी २७-२८ अंशांचा वारा मिळतो. त्यासाठी बर्फाची गरज नाही.

पाणी आणि पॅड

आता खरी अवघड पायरी. मलाही ती कळायला वेळ लागला, कारण याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही.

महापालिकेचं पाणी रोज येत नाही. ते प्यायला आणि स्वयंपाकाला राखून ठेवायचं आणि वापरायला बोअरचं, हीच बहुतेक घरांची रीत. कूलरमध्येही बोअरचंच पाणी जातं. ते जड असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वर नवं पाणी ओतलं की त्यात नव्या क्षारांची भर. आठवड्याभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. मग पॅडवर पांढरा थर चढतो, वरच्या नळीची भोकं बुजतात, पंप अडकतो. "कूलर पहिल्या वर्षी छान चालला, आता गार करत नाही" अशी तक्रार असते, तेव्हा मोटर बहुधा चांगलीच असते. पॅड दगड झालेला असतो.

म्हणून कूलर बघायच्या आधी न्हाणीघरातला नळ बघा. तोटीवर, बादलीच्या कडेला खरखरीत पांढरा थर असेल तर पाणी जड आहे. अशा घरात हनीकोंब पॅड घेऊ नका. हे मी जाहिरातीच्या पूर्ण विरुद्ध सांगतो आहे आणि त्यावर ठाम आहे. हनीकोंब कागदाचा असतो, पाणी चांगलं धरतो, चांगल्या पाण्यावर दोन-तीन उन्हाळे टिकतो. पण त्याच्या बारीक घड्यांत क्षार बसले की खरवडून निघत नाहीत, आणि नवा संच महाग पडतो. बोअरवाल्यांनी गवताचे पॅड असलेला कूलर घ्यावा. गवत म्हणतात ते खरं तर लाकडाचे बारीक कीस. ते दर वर्षी काढून टाकायचे आणि नवे बसवायचे. स्वस्त पडतात आणि सहज मिळतात. हनीकोंब घ्या ते महापालिकेचं पाणी कूलरला पुरत असेल तरच.

यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर आणखी एक अडचण असते. हवेतली कापसाची तूस ओल्या पॅडवर चिकटते आणि वारा कोंडतो. जाळी बाहेरून, एकट्या माणसाला उघडता येते का, हे तिथे सगळ्यात आधी बघायचं.

दुकानात कूलर पाणी भरून चालवून दाखवायला सांगा. नुसता पंखा फिरवून दाखवतात, त्यावर समाधान मानू नका. दुकानदार कां-कूं करू लागला तर दुसरं दुकान गाठा. दहा मिनिटं चालू द्या आणि तिन्ही पॅडवरून हात फिरवा. कुठेही कोरडा पट्टा लागला तर तो कूलर नको, कारण त्या पट्ट्यातून बाहेरची गरम हवा तशीच आत येते आणि बाकीच्या पॅडची मेहनत वाया घालवते. पंखा पूर्ण वेगात असताना तोंडासमोर हात धरा. थेंब उडत असतील तरी नको. मग वरची पाणी वाटणारी नळी किंवा पन्हळ काढून बघा. ती हाताने निघाली पाहिजे आणि भोकं काडी घालून साफ करता येतील एवढी मोठी हवीत. टाकीचं बूच अगदी तळाशी हवं. थोडं वर असेल तर क्षारांचा गाळ कधीच बाहेर जात नाही.

बॉडी, वीज आणि जागा

बॉडी प्लास्टिकची घ्या. गंजत नाही, आणि पत्र्याच्या ओल्या कूलरला हात लागून शॉक बसण्याचा धोका बराच कमी होतो. पत्र्याचा आधीच घरात असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवा. कूलर कोणताही असो, पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. घरातल्या लहान मुलांनाही हे शिकवा.

मोटर तांब्याच्या वाइंडिंगची असावी. तिची दुरुस्ती तुमच्याच भागातला वाइंडिंगवाला करू शकेल का, हे त्यालाच विचारा. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर लेबलवरचे वॅट बघा.

जागा ठरवताना कूलर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत आणि समोरचं दार किंवा खिडकी वितीभर उघडी ठेवा. गारवा बाहेर जाईल म्हणून सगळं बंद करणारे लोक मे महिन्यात खोलीत पावसाळा आणतात. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजेच.

गच्चीवरच्या टाकीवरून पाइप आणून फ्लोट, म्हणजे पाणी उतरलं की आपोआप भरणारी झडप, बसवली तर कूलर भरायला रात्री उठावं लागत नाही, जरूर बसवा. पण फ्लोट लावला की टाकी रिकामी करायची कुणाला आठवण राहत नाही आणि क्षार साचतच जातात. बोअरचं पाणी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी बूच काढून सगळं सोडून द्या, झाडांना घालू नका. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

खरेदी जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की करा, होळीच्या आधी. एप्रिल उजाडला की निवड उरत नाही, चालवून दाखवायला कुणाला वेळही नसतो. कूलरसोबत एक जादा पंप घेऊन ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी अडकतो तो पंपच. अडकलेला फेकू नका, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला तर बहुतेक वेळा मोकळा होतो.

जूनमध्ये हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.